वाटणीला मामा हवा

मामा व्हायचं माझ्या नशिबात आहे, हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं. बाईमाणसाला मामा होता येत नाही, अशी आजवर माझीही समजूत होती.

माझं आडनाव होंग. तैवानातल्या काओश्युंगच्या एका मोठ्या हॉस्पिटलात अवयव बदलण्याची ऑपरेशनं होतात, त्यांची जुळवाजुळव मी करते. कोणाला बोलवायचं, कोणाला उपाशी ठेवायचं, कोणाच्या सह्या घ्यायच्या, कुठला सर्जन कुठे दडून बसलाय ते शोधायचं, हे माझं काम. त्याआधी वीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरात नर्स होते, त्यामुळे सर्जन लोकांची मला भीती वाटत नाही. सगळे मला होंग ताई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

त्या मंगळवारी सकाळी साडेआठला एक लिव्हर मिळणार हे नक्की झालं. चोवीस वर्षांची मुलगी, मेंदू गेलेला, आईने दान करायला होकार दिलेला. ऑपरेशन दुपारी दोनला ठरलं. यादीत पहिलं नाव श्वे हुओ-थू याचं होतं. वय एकसष्ट, गाव मिथुओ, धंदा सबाही माशांच्या तळ्यांचा. चौदा महिने वाट पाहत होता बिचारा. एकदा बोलावून परतही पाठवला होता, ते लिव्हर खराब निघालं म्हणून.

लिव्हर असं तरुण आणि निरोगी मिळालं की आमच्याकडे पहिल्या नंबराच्या माणसाला एक प्रश्न विचारतात. वाटून घेणार का? डावीकडचा छोटा भाग एखाद्या लहान मुलाला पुरतो, उजवीकडचा मोठा भाग मोठ्या माणसाला. एका जिवाच्या जागी दोन जीव वाचतात. पण लिव्हर पहिल्या नंबराच्या हक्काचं असतं. तो नाही म्हणाला तर विषय संपला.

आणि सातव्या मजल्यावर एक दीड वर्षाची मुलगी होती. तिचं नाव मी सांगणार नाही, आम्ही सगळे तिला छोटी म्हणायचो. जन्मतःच पित्ताच्या नळ्या बंद असलेली. अंगाला हळद फासल्यासारखी पिवळी, पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. आईचा रक्तगट जुळत नव्हता, बापाच्या स्वतःच्या लिव्हरला कावीळ चिकटलेली. छोटीकडे फार तर तीन आठवडे आहेत, असं तिची सर्जन डॉ. यू मला जिन्यात म्हणाली होती. हे मी हुओ-थूला सांगू शकत नव्हते. गळ घालायची नाही, रडगाणं गायचं नाही, फक्त विचारायचं, असा नियम आहे. तोंडाला कुलूप लावायला लागतं, आणि ते मला जन्मात जमलेलं नाही. बारापर्यंत उत्तर हवं होतं.

चौथ्या मजल्यावर हुओ-थू उपाशीपोटी बसला होता आणि शेजारी त्याची बायको शिऊ-ग्वे पेरू कापून एकटीच खात होती. काळजी वाटली की मला भूक लागते, असं तिने मला आधीच सांगून ठेवलं होतं.

डॉ. लाइ समजावायला बसले. मोठ्यांची लिव्हरं ते बदलतात. हात सोन्याचे, पण लिव्हरचं चित्र काढायला घेतलं की कागदावर रताळं उमटतं.

"भाऊ, लिव्हर उत्तम आहे," ते म्हणाले. "अख्खं हवं तर अख्खं तुमचंच. पण ह्या बाजूचा पाव हिस्सा काढला तर एका लहान मुलाचं काम होतं. उरलेला पाऊण हिस्सा तुमच्या अंगाला पुरतो. पुढे तो वाढतोही."

"म्हणजे आम्हाला चिरलेलं?" शिऊ-ग्वे म्हणाली. "सगळं मिळत असताना पाऊण कोण घेतं? बाजारात मासा घेताना मी शेपटीसुद्धा सोडत नाही."

"तू गप. पेरू खा," हुओ-थू म्हणाला.

"खातेच आहे. तुझ्या वाटणीचापण खातेय."

लाइंनी काही लपवलं नाही. कापलेल्या कडेतून पित्त झिरपू शकतं, मग पोटात नळी ठेवावी लागते, घरी जायला उशीर होतो. क्वचित त्याहून वाईट होतं. "तुम्ही नाही म्हणालात तर तुम्हाला कोणी वाईट म्हणणार नाही," ते म्हणाले. मी मान डोलावली. मी म्हटलं असतं, पण मान डोलावली.

हुओ-थूने रताळ्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"धमनी. ताजं रक्त इथून आत येतं."

"पाण्याचं दार. आणि ही वरची?"

"ह्या शिरा. रक्त इथून बाहेर, हृदयाकडे जातं."

"सांडवा. आणि ही खालची बारीक?"

"पित्ताची नळी."

"गाळाची मोरी." त्याने लाइंच्या हातातली पेन्सिल घेतली आणि दोन मिनिटांत त्या रताळ्याचं तळं केलं. त्याचं चित्र लाइंच्या चित्रापेक्षा किती तरी बरं होतं. "बांध कुठून घालणार?"

"इथून."

"मग ह्या छोट्या तळ्याला स्वतःचा सांडवा राहतो. मोठ्यालाही राहतो. ठीक. पण दार एकच आहे."

"दाराचं खोड एक. आत गेल्यावर त्याच्या दोन फांद्या होतात, एक इकडे, एक तिकडे. त्यामुळे एकाच्या वाट्याला खोडासकट फांदी येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला नुसती फांदी. नुसती फांदी आखूड असते, जोडायला कठीण जाते."

"मग खोड कोणाला?"

"ते उघडून पाहिल्यावर ठरतं."

"ठरवतं कोण?"

"आमची एक रीत आहे," लाइ म्हणाले. "कापतो मी. लहान मुलाचं ऑपरेशन डॉ. यू करणार, ती माझीच विद्यार्थिनी. जो कापतो त्याने निवडायचं नाही. आधी ती निवडते, उरेल ते मी तुमच्यासाठी घेतो."

हुओ-थूने पेन्सिल खाली ठेवली. त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, झालं, आता हा नाही म्हणणार. शिऊ-ग्वेने पेरू खायचा थांबवला आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. "डॉक्टर, तुम्ही जा," तो म्हणाला. "होंग ताई, तुम्ही थांबा."

मग त्याने मला जे सांगितलं, ते मिथुओत सगळ्यांना ठाऊक आहे.

हुओ-थूला एक धाकटा भाऊ आहे, छुन-शेंग. बाप गेला तेव्हा मागे तळ्यांची जमीन होती आणि समुद्राच्या कालव्यातून पाणी आत घ्यायला एकच दार होतं. आमच्याकडे भावांची वाटणी करायची तर मामा लागतो, आईचा सख्खा भाऊ. आभाळात देव आणि जमिनीवर मामा, असं म्हणतात. तो मधे बसतो, तो म्हणेल ती रेघ, आणि तो जेवायला लागल्याशिवाय कोणी जेवणाच्या काड्या उचलत नाही. श्वे भावांचा मामा आधीच वारला होता. मग थोरला म्हणून हुओ-थूनेच रेघ मारली आणि हुओ-थूनेच निवडलं. दाराच्या बाजूचं तळं त्याने स्वतःला ठेवलं. छुन-शेंगचं पाणी हुओ-थूच्या तळ्यातून एका पाइपाने जायचं, हुओ-थूचं भरलं की मग. दाराची किल्ली हुओ-थूच्या कमरेला.

नऊ वर्षांपूर्वी जानेवारीत थंडीची लाट आली. सबाहीला थंडी सोसत नाही. तळं काठोकाठ भरलं तर तळाशी ऊब राहते आणि मासा तगतो. हुओ-थूने आधी आपलं तळं भरलं. ते भरेपर्यंत भरती ओसरली आणि कालव्यात पाणीच उरलं नाही. दोन दिवसांनी छुन-शेंगच्या तळ्यात सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. तो भांडायलासुद्धा आला नाही. जाळ्याने मेलेले मासे काढत राहिला आणि तेव्हापासून भावाशी बोलला नाही.

"मी चोरी केली नव्हती," हुओ-थू म्हणाला. "किल्ली माझी होती, तळं माझं होतं. पण कापलं मी आणि निवडलंही मी."

मी काही बोलले नाही. बोलले नाही हे मुद्दाम सांगते, कारण ते माझ्याकडून क्वचित होतं.

"ती वाटणी खोटी होती," तो म्हणाला. "गावात अजून म्हणतात, मामा नव्हता म्हणून खोटी. ही तरी खरी करू. माझ्या दोन अटी आहेत. वाटणी करायच्या आधी मिळकतीच्या मालकाला सांगावं लागतं. पूर्वजांना उदबत्ती लावून सांगतात तसं. कोणाचं काय, कोणाला काय. ज्याचं लिव्हर आहे त्याला सांगितलं का?"

"ती व्यक्ती गेलेली आहे, भाऊ."

"पूर्वजपण गेलेलेच असतात. सांगायचं ते सांगायचंच."

"आणि दुसरी अट?"

"वाटणीला मामा हवा."

"आता अकरा वाजता मी मामा कुठून आणू?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मामा नसेल तर त्याच्या जागी कोण बसतं? ज्याच्या तोंडाला तोंड द्यायला लोक भितात ते. तुम्ही चालाल."

"अहो, मी बाई आहे."

"आमच्या खऱ्या मामापेक्षा तुमचा आवाज मोठा आहे," शिऊ-ग्वे खिडकीकडे बघतच म्हणाली. तिने नवऱ्याच्या हातात पेन दिलं. "कर सही. आणि डॉक्टरला म्हणावं शेपटीकडून जरा कमीच काप."

अकरा चाळीसला सही झाली. मी जिन्याने सातव्या मजल्यापर्यंत चढून गेले. लिफ्टची वाट पाहायला मला धीर नव्हता.

दोन वाजता आम्ही थिएटरात उभे होतो. सुरुवातीला सगळे हात जोडून एक मिनिट मान खाली घालतात, ही नेहमीची पद्धत. कोणी काही बोलत नाही. त्या मुलीच्या आईने तिची वेणी घालून पाठवली होती, ती टोपीखाली आम्ही तशीच ठेवली होती. मिनिट संपलं आणि लाइंनी हात पुढे केला.

"थांबा," मी म्हटलं. "मला बोलायचं आहे."

अकरा माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्या डोक्याशी गेले आणि तैवानी बोलीत, घरी देवासमोर बोलतो तसं सांगितलं. "पोरी, तुझं लिव्हर आज दोघांत वाटायचं आहे. एक माणूस मोठा आहे, एक अगदी लहान. डॉ. लाइ कापतील. डॉ. यू लहानासाठी आधी निवडेल. मी मामा म्हणून उभी आहे. कोणावर अन्याय होऊ देणार नाही. तुझी परवानगी आहे असं तुझ्या आईने सांगितलंय, तरी तुला सांगायला हवं म्हणून सांगितलं."

कोणी हसलं नाही. भूल देणारा पोरगेला डॉक्टर तर परत मान खाली घालून उभा राहिला. माझे डोळे भरून आले होते आणि मास्कमुळे चष्मा धुरकट झाला होता.

मग काम सुरू झालं. वाटणी करायच्या दोन तऱ्हा असतात. एक म्हणजे लिव्हर बाहेर काढून बर्फात ठेवून चिरायचं. दुसरी म्हणजे रक्त वाहत असताना, शरीरात असतानाच चिरायचं. दुसरीला वेळ लागतो, पण कडेला कुठे झिरपतंय ते तिथेच दिसतं आणि तिथेच बंद करता येतं. लाइ नेहमी दुसरी करतात. आधी त्यांनी डाव्या फांदीला क्षणभर चिमटा लावला, रंग कुठे बदलतो ते पाहिलं आणि त्या रेघेवर खूण केली. पित्ताच्या नळीत औषध सोडून फोटो काढला, कुठली वाट कुठे वळते ते पाहायला. मग इंचाइंचाने बांध घालावा तसे ते आत गेले. बारीक शीर आली की थांबायचं, दोरा बांधायचा, मग कापायची. दोन तास त्यांच्या तोंडून दोरा आणि कात्री याशिवाय शब्द नाही. मी त्यांना एकोणीस वर्षं पाहतेय. स्वतःच्या टीमला अख्खं लिव्हर मिळणार असतं तेव्हासुद्धा त्यांचा हात इतका हळू चालत नाही. आपल्याला निवडायचं नाही हे ठाऊक असलं की माणूस दोन्ही बाजूंना सारखं जपतो.

सहाच्या सुमाराला दोन्ही तुकडे बर्फाच्या भांड्यात आले. मोठा उजवा, छोटा डावा. आता खोडाचा प्रश्न होता.

"निवड," लाइ म्हणाले.

डॉ. यू चाळिशीची, बोलायला फटकळ. डोळ्यांवर भिंगाचा चष्मा चढवून ती भांड्यावर वाकली. मला ठाऊक होतं ती काय म्हणणार. लहान मुलाची धमनी हा सगळ्यात नाजूक भाग. ती तुंबली की सगळं गेलं. मी असते तर मोठं खोड पहिल्यांदा उचललं असतं.

"खोड तुम्ही घ्या, सर," ती म्हणाली.

"परत बघ. हक्क तुझा आहे."

"बघितलं. माझ्या पोरीची धमनी शेवईएवढी. खोड जोडायला गेले तर शेवईला बांबू. ही फांदी तुम्ही छान लांब ठेवलीय, हिचं तोंड तिच्या तोंडाशी बरोब्बर जुळतंय. आणि तुमच्या म्हाताऱ्याच्या लिव्हरमधल्या गाठीसाठी दोनदा धमनीतून औषध सोडलंय, त्याची धमनी आतून कुजलेली असणार. तुम्हाला चांगल्या जागेपर्यंत पोचायला लांब खोड लागेल."

"म्हणजे दया दाखवतेस?"

"माप बघतेय, सर."

लाइंनी माझ्याकडे पाहिलं. "मामांचं काय म्हणणं?"

"मामा म्हणतात बर्फ वितळतोय. हात चालवा."

छोटीचं लिव्हर जोडून चिमटे काढले तेव्हा ते फिक्या राखाडीचं गुलाबी झालं, आणि थोड्या वेळाने त्याच्या नळीतून सोनेरी पित्ताचा पहिला थेंब आला. ते पाहून माझा जीव भांड्यात पडला. सहाव्या दिवशी तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला. तिच्या आईने पोरीचे पांढरे डोळे कधी पाहिलेच नव्हते. ती मला म्हणाली, "ताई, ही माझीच आहे ना? बदलली नाही ना कोणी?" मग दोघी हसलो आणि दोघींनी एकाच टॉवेलला डोळे पुसले.

हुओ-थूचं मात्र रडगाणं चालू होतं. त्याच्या कापलेल्या कडेतून थोडं पित्त झिरपलंच. बारा दिवस पोटात नळी. "बांध गळतोय तुमचा," तो लाइंना रोज सकाळी ऐकवायचा. लाइ रोज म्हणायचे, "भाऊ, गाळ बसला की थांबेल." आणि थांबलं.

नळी काढली त्या दिवशी त्याने मला विचारलं, "मामा, दार कोणाला गेलं?"

दुसऱ्या पेशंटबद्दल काही सांगायचं नसतं. पण हे त्याच्याच पोटातलं होतं आणि मी मामा होते. "तुम्हाला," मी म्हटलं.

"पहिली निवड छोट्याची होती ना?"

"होती. त्यांनी निवडलं आणि दार तुम्हाला सोडलं. त्यांच्या मापाला फांदी बसत होती, तुम्हाला खोडाची गरज होती."

त्याने पोटावर हात ठेवला. मग त्याने उशीवरचा टॉवेल तोंडावर ओढला. टॉवेलखालून त्याचा आवाज आला. "मी मागितलं असतं तर त्यानेपण दिलं असतं. विचारलंच नाही मी."

तो कोण, हे मला सांगावं लागलं नाही. शिऊ-ग्वेने पिशवीतून फोन काढून त्याच्या हातात ठेवला. नंबर लागला. हुओ-थू म्हणाला, "छुन-शेंग, मी बोलतोय. कुठे आहेस?"

पलीकडचं मला ऐकू आलं. "खाली."

ऑपरेशनच्या दिवसापासून रबरी बूट घातलेला एक माणूस तळमजल्यावर चहाच्या दुकानाशेजारी बसलेला मी रोज पाहत होते. मला वाटायचं कोणाचा तरी ड्रायव्हर असेल. शिऊ-ग्वे रोज माशाची पेज वर आणायची, ती छुन-शेंगच्या बायकोने शिजवलेली होती आणि त्याने काटे काढलेले होते. सबाहीला दोनशेच्या वर काटे असतात. हुओ-थू ती पेज खाऊन म्हणायचा, शिऊ-ग्वे, तुझ्या हाताला आता कुठे चव यायला लागली. तिने एकदाही त्याला खरं सांगितलं नव्हतं. अशा बाईचं मला कौतुक वाटतं.

दहा मिनिटं झाली तरी छुन-शेंग वर येईना, म्हणून मीच खाली गेले. म्हटलं, "चला, मामा बोलावतोय." तो गोंधळून माझ्यामागे आला. खोलीत दोघे भाऊ हवामानाबद्दल बोलले, मग माशांच्या खाण्याबद्दल, मग परत हवामानाबद्दल. मी दार ओढून घेतलं.

पाच महिन्यांनी, पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई झाली त्याच आठवड्यात, मला मिथुओला यायचं बोलावणं आलं. तळ्यांची वाटणी पुन्हा करायची होती आणि मामाशिवाय करायची नव्हती. मी माझा चांगला जांभळा, लग्नाकार्यात घालते तो पोशाख चढवला आणि स्कूटरवरून गेले.

त्यांनी मला पूर्वेकडच्या मानाच्या खुर्चीवर बसवलं. ताटातल्या माशाचं डोकं माझ्याकडे केलं. मी काड्या उचलेपर्यंत सगळे गप्प बसून होते, आणि खरं सांगते, तो क्षण मी जरा लांबवला.

जेवणाआधी हुओ-थूने देव्हाऱ्यात आईबापांना उदबत्ती लावून सगळं सांगितलं होतं. मग आणखी एक उदबत्ती लावली होती. "ही कोणासाठी?" छुन-शेंगने विचारलं. "माझ्या पोटातल्या मालकासाठी," हुओ-थू म्हणाला. "तिचं किंवा त्याचं नाव मला कोणी सांगत नाही. तरी सांगायचं ते सांगितलं." मला त्या मुलीची वेणी आठवली.

हुओ-थूने टेबलावर नकाशा पसरला. आठ दिवस खपून त्याने रेघ मारली होती. दाराच्या बाजूला लहान तळं, पण बांध नवा आणि रस्ता जवळ. दुसऱ्या बाजूला जवळजवळ दीडपट मोठं तळं, चांगली माती, पण दार नाही. "मी कापलंय," तो म्हणाला. "निवडायचं तू. मामा साक्षीला."

छुन-शेंग नकाशा घेऊन बाहेर गेला आणि तासभर बांधावरून फिरत राहिला. आम्हाला खिडकीतून त्याची टोपी दिसत होती. शिऊ-ग्वे खात होती. हुओ-थूने चौथ्यांदा मला विचारलं, "मामा, नीट कापलंय ना मी?"

"त्याला निवडता येत नाहीये," मी म्हटलं. "म्हणजे नीटच कापलंय."

छुन-शेंग आत आला, नकाशा ठेवला आणि दारावर बोट टेकवलं. "हे."

हुओ-थूचं तोंड उघडं पडलं. मला वाटतं त्याच्या मनात कुठेतरी होतं, की छोटीने सोडलं तसं हाही सोडेल.

"काय दादा, मीपण सोडीन असं वाटलं?" छुन-शेंग म्हणाला. "एकोणीस वर्षं तुझ्या पाइपाकडे बघत बसलोय. मी नाही सोडत."

हुओ-थू हसायला लागला. पोटावरची टाक्यांची जागा दोन्ही हातांनी धरून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग कमरेची किल्ली सोडवून त्याने भावासमोर ठेवली. किल्लीच्या जागी पट्ट्यावर पांढरा डाग पडला होता.

चार दिवसांनी सकाळी सकाळी त्याचा फोन आला. मी नुकती हॉस्पिटलात पोचले होते.

"मामा, तक्रार आहे."

"आता काय झालं?"

"त्याने भरतीला दार उघडलं आणि आधी माझं तळं भरलं. त्याचं स्वतःचं अर्धं रिकामं आहे. मी अजून बिछान्यात होतो, पाण्यात हवा खेळवायची चक्रीसुद्धा लावली नव्हती."

"मग मी काय करायचं?"

त्याच्या मागे पाणी पडत असल्याचा आवाज येत होता.

"काही नाही," तो म्हणाला. "मामाला कळवायची रीत आहे."